काकूंचं बोलावणं

माझ्या घरमालकीण काकू सकाळी उठल्या की स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूचे मुके घ्यायच्या. एखाददुसरा नाही, किचनच्या खिडकीशी उभं राहून, डोळे मिटून, वरच्या मजल्यावर ऐकू जातील इतक्या जोरात. मी नुकताच पुण्याहून इंग्लंडला आलो होतो. नोकरी ब्रॅकनेलला आणि राहायला स्लाऊमधली काकूंच्या घराची वरची खोली. परदेशात एकटं राहून माणसांचं काय काय होतं हे आईने निघताना सविस्तर सांगितलं होतं. त्यामुळे पहिल्याच सकाळी मी जिन्यात थबकलो आणि मनाशी म्हटलं, ते हेच.

"घाबरू नकोस, रियाज चाललाय," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "चहा ओट्यावर ठेवलाय. आणि ती चौथी पायरी करकरते, ती सोडून उतरत जा. तुझ्यामुळे बागेतला पळाला."

"कोण पळाला?"

"कोल्होबा," काकू म्हणाल्या. दूधवाला म्हणावं इतक्या सहज.

खिडकीतून मला फक्त कुंपणाखाली शिरणारी तांबूस शेपटी दिसली. काकूंनी हात पुसला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "गाडीत पेट्रोल आहे ना?" त्यांनी विचारलं.

खोलीच्या जाहिरातीत लिहिलं होतं: शाकाहारी, सिगरेट न ओढणारा मराठी मुलगा हवा, गाडी असणं आवश्यक. गाडी कशाला, हे मी विचारलं नव्हतं. वाटलं, म्हाताऱ्या बाईंना देवळात सोडायला लागत असेल. देवळातही सोडावं लागायचंच. पण मुख्यतः गाडी लागायची ती काकूंना ब्रॅकनेलच्या पलीकडच्या उघड्या शेतांवर नेण्यासाठी. तिथे त्या बांधाशी बसून कोल्ह्यांना बोलावायच्या. माझ्या आधीचा भाडेकरू लग्न होऊन गेल्यापासून त्यांचं बोलावणं बंद पडलं होतं, आणि तिकडे एका फार्मरच्या कोंबड्यांचे हाल चालले होते.

काकू बुटक्या आणि गोल. फिक्या रंगाची साडी, तिच्यावर कैलासवासी काकांचं हिरवं जॅकेट, खाली गुडघ्यापर्यंत वेलीज, म्हणजे इथले रबरी बूट. साडी बुटात खोचलेली. या वेषात त्या पेट्रोल पंपावर उतरून स्वतःसाठी मिंटच्या गोळ्या घ्यायच्या, आणि लोक आपल्याकडे का बघतात असा प्रश्न त्यांना कधी पडल्याचं मला आठवत नाही. पडायचा तो मला.

त्या मूळच्या गिरगावातल्या. चाळीत कोल्हा कुठून येणार? गोष्टीतला आणि म्हणीतला, एवढाच कोल्हा त्यांना माहीत. लग्न होऊन स्लाऊला आल्या तेव्हा काका ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्यात होते. काकू पुढे एका शाळेच्या किचनमध्ये लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. ही विद्या त्यांना सापडली ती चुकून. शेजारच्या पंजाबी बाईंची नात बागेत प्रॅममध्ये रडत होती. तिला गप्प करायला काकूंनी कुंपणाअलीकडून हाताला ओठ लावून पापीचा आवाज काढला. नात काही गप्प झाली नाही, पण शेडखालून एक कोल्हा निघाला आणि पान वाढल्याचं कळावं तसा काकूंच्या समोर येऊन बसला. जखमी सशाचं चिरकणं साधारण तसंच असतं, हे त्यांना नंतर समजलं. त्या वेळी त्यांनी पदर सावरून त्याला स्वच्छ मराठीत सांगितलं, "तुला नव्हतं बोलावलं."

पुढे त्यांनी तो आवाज घासून-पुसून पक्का केला. उंदराचा वेगळा, सशाचा वेगळा, सशाच्या पिल्लाचा अगदी बारीक. पिल्लाचा आवाज काढला की त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यात पाणी यायचं.

फार्मरची आणि त्यांची गाठ पडली ती इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत. मक्याची कणसं आपली आपण तोडून घ्यायची असतात अशा त्याच्या शेतावर मंडळ दर उन्हाळ्यात जायचं. कणसं थोडी आणि फोटो फार. फार्मर म्हणजे काकूंच्याच वयाचा, लांबुडका, लाल कानांचा म्हातारा. गेटवर उभा राहून तो सगळ्यांना सांगत होता की सॉरी, यंदा अंडी नाहीत, फॉक्सने कोंबड्या नेल्या, रायफल घेऊन बसतो पण तो दिसतच नाही. लोक सहानुभूतीने माना हलवून कणसांकडे वळले. काकूंनी मात्र पिशवी खाली ठेवली, मक्याकडे तोंड केलं आणि हाताचा मुका घेतला. दुसऱ्या-तिसऱ्या मुक्याला मक्याच्या दोन ओळींमधून कोल्ह्याचं तोंड बाहेर आलं. भर दुपारी, मंडळाचे अध्यक्ष बरोबर मध्ये उभे असताना.

फार्मरने डोक्यावरची टोपी काढली. ती त्याने पुढे काकूंसमोर कधी घातली नाही. हिवाळ्यात त्याचे कान बघवायचे नाहीत.

तेव्हापासून तो त्यांना काकू म्हणायला लागला. ते त्यांचं नावच आहे अशी त्याची समजूत होती, आणि ती दूर करण्याची काकूंना गरज वाटली नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तो दिवस विसरणं शक्य नाही, कारण काकूंनी तो मला विसरूच दिला नाही. उजाडत होतं. कापणी झालेलं मोठं शेत, कडेला हेज म्हणजे काटेरी झुडपांचं कुंपण, त्याच्या आडोशाला आम्ही तिघं. पुढे रायफल घेऊन पालथा फार्मर, त्याच्या मागे छोट्या स्टुलावर काकू, त्यांच्या मागे थर्मास घेऊन मी. काकूंनी आवाज काढला आणि थांबल्या. पुन्हा काढला, पुन्हा थांबल्या. आणि समोर, अगदी उघड्यावर, कोल्हा उभा. मी आयुष्यात इतका सुंदर प्राणी इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"काकू, आला," मी म्हणालो.

क्षणात शेत रिकामं झालं. फार्मरने कपाळ जमिनीला टेकवलं. काकू वळल्या नाहीत, रागावल्या नाहीत, परत येताना गाडीत फक्त एवढंच म्हणाल्या, "आला हे मला डोळे आहेत, दिसतं. नसतं दिसलं तरी तू गप्प झालास की कळलं असतं. कोल्हा आला की बोलायचं नाही आणि हलायचं नाही. बाकी तुला हवं ते कर."

त्या दिवशी उपम्यावर लिंबू मिळालं नाही. काकूंच्या घरात ही फार मोठी शिक्षा होती.

बोलावणं कसं करायचं हे त्या मला गाडीतच शिकवायच्या, मला ते कधीच करायचं नसलं तरी. "हळदीकुंकवाला बोलावतात ना, तसं. एकदा जाऊन सांगायचं आणि परत फिरायचं. दारात उभं राहून या हं, नक्की या हं, मग येताय ना, असं दहादा केलं की समोरची मनात म्हणते, हिचं काहीतरी काम अडलंय. कोल्ह्याचं सेम असतं. बोलावून थांबता आलं पाहिजे. सगळी गंमत थांबण्यात आहे." आणि खरोखरच त्या थांबायच्या. किती वेळ, याला काही हिशेब नसे. माझे पाय बधिर व्हायचे, फार्मर एक डुलकी काढायचा, आणि काकू स्टुलावर, देवळात बसल्यासारख्या, पुढच्या शेताकडे बघत.

त्यांचे बाकीचे नियमही असेच. संकष्टीला बोलावणं नाही. गुरुवारी नाही. मार्चपासून मे संपेपर्यंत अजिबात नाही, कारण तेव्हा कोल्हिणींना पिल्लं असतात. "बाळंतिणीला घराबाहेर बोलवायचं नाही," काकू म्हणायच्या, आणि यावर चर्चा नसे. फार्मरने हे सगळं निमूट मान्य केलं होतं. त्याच्या किचनमध्ये, कुत्र्याच्या पट्ट्यांशेजारी, काकूंनी दिलेलं मराठी कॅलेंडर लटकत असे, आणि त्यातला बारका गणपती शोधायला तो शिकला होता. फोन करून आधी विचारायचा, "काकू, फ्रायडे इज संकष्टी, इज इट?" काकू म्हणायच्या, "चंद्रोदय लेट आहे, सॅटर्डेला येते."

स्वतः काकू अंडंसुद्धा खात नव्हत्या. कोल्हा पडला तर त्या तिकडे बघत नसत. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ, देवाला दिवा, आणि मगच माझे पोहे. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, हे म्हणजे आपणच बोलवायचं आणि मग..."

"मी बोलावते. मारत नाही. पुढचं त्याचं आणि म्हाताऱ्याचं."

"पण काकू..."

"त्या कोंबड्यांना जाऊन विचार," काकू म्हणाल्या. "आणि ते 'कोल्हा काकडीला राजी' ज्याने म्हटलं ना, त्याने इथला, बर्कशरचा कोल्हा बघितलेला नाही. मी काकडी ठेवून बघितलीये."

आता, एक साठी केव्हाच उलटलेली विधवा बाई सकाळी सकाळी एका गोऱ्या विधुराबरोबर हेजमागे बसते, आणि तिथून मुक्यांचे आवाज येतात, ही बातमी मंडळात जशी पसरायला हवी तशी पसरलीच. हॅरोच्या एका वहिनींनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, "तू असतोस ना रे तिथे? मग नक्की काय चालतं?" मी म्हटलं, "काकू मुके घेतात आणि फार्मर पालथा झोपलेला असतो." हे असं सांगायला नको होतं, हे मला वहिनींच्या चेहऱ्यावरून कळलं.

हे काकूंच्याही कानावर गेलं. आणि मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला, हॉल गच्च भरलेला असताना, काकू फार्मरला हाताला धरून घेऊन आल्या. अंगात जाड लोकरीचा कोट, डोक्यावर टोपी नाही. त्याला पाटावर बसवलं. पाटावर बसायला त्याला बराच वेळ लागला, गुडघे हनुवटीला लागले. काकूंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, सगळ्यांच्या देखत ओवाळलं आणि वर मान करून हॅरोच्या वहिनींकडे बघत म्हणाल्या, "माझा भाऊ. इथेच असतो, ब्रॅकनेलच्या पुढे. ओळख करून द्यायची राहिली होती."

फार्मरने ओवाळणी म्हणून अंड्यांचा ट्रे आणला होता. तो अर्थातच मला मिळाला. त्या दिवसापासून तो फार्मरभाऊ झाला आणि मंडळातल्या बायका, काकू दिसल्या की, "काय, सकाळी कोल्ह्याचं तोंड पाहून आलात वाटतं," एवढंच म्हणून गप्प बसू लागल्या.

पण काकूंचं खरं भांडण मंडळाशी नव्हतंच. ते होतं लीड्सला.

लीड्सला त्यांची एकुलती एक मुलगी असायची. इथेच जन्मलेली, मोठ्या पदावर, आईवर जीव टाकणारी. तिचा दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी तेच. "आई, तू का राहतेस तिकडे अलोन? तो जिना बघ. तू पडली होती ना लास्ट यर. स्लाऊमध्ये तुला काय काम आहे? काही काम नाही तुला तिथे." तिचं मराठी असंच, फोनवर ऐकून ऐकून जमवलेलं, पण त्यात एकही शब्द उगाच नसायचा. काकू शांतपणे म्हणायच्या, "मी आले तर फार्मरभाऊच्या कोंबड्यांचं कोण बघणार?" फोन ठेवला की मला म्हणायच्या, "मला इथे काम आहे की नाही? सांग तिला." मी म्हणायचो, आहे. आणि खरंच होतं. ते एकच काम होतं, आणि त्यावर ते सगळं घर उभं होतं, हे मला दिसत होतं.

मग फार्मरभाऊच्या जावयाने मशीन आणलं.

जावई ब्रॅकनेलमधल्या एका कंपनीत टेक्नॉलॉजीत होता. मुलगा वाईट नव्हता. ऑगस्टमध्ये एकदा तो आमच्याबरोबर येऊन बसला होता, हातात फरचं टोपडं घातलेला मायक्रोफोन घेऊन. त्याला शेतावरचे आवाज जमवायचे होते. काकूंना फार कौतुक वाटलं. त्यांनी त्याला नेहमीचं सगळं ऐकवलं आणि शेवटी, गाणं पण म्हणू का, असंही विचारलं. ऑक्टोबरात तो मशीन घेऊन आला. टोस्टरएवढा डबा, त्याला भोंगा, वर एका तारेला फरची शेपटी. रिमोट दाबला की डब्यातून ससा किंचाळतो आणि शेपटी गरगर फिरते.

"आता काकूंना थंडीत यायची गरज नाही," जावई म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून तर ते जास्त लागलं. नेमकी त्याच शनिवार-रविवारी मुलगी लीड्सहून आली होती आणि हौसेने शेतावरही आली होती. तिने ते ऐकलं, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ आई. तुझा काम आता मशीन करतो."

काकूंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या मशीनभोवती एक फेरी मारून आल्या, शेपटीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आज मी बोलावते, उद्या हे बोलावू दे. ज्याच्या बोलावण्याला कोल्होबा येतील तो राहिला. मशीनकडे आले तर मी घर भाड्याने देऊन लीड्सला येते. माझ्याकडे आले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आई, डोन्ट बी सिली."

"शब्द दे."

मुलीने दिला. माझ्या अंदाजाने काकू जिंकायला हव्या होत्या, आणि माझे अंदाज साधारणपणे चुकतात.

शनिवारी काकू बसल्या. वारा नीट होता, उजेड नीट होता, काकूंचा आवाज तर इतका करुण होता की मुलीने माझा हात धरला. पहिल्या बोलावण्याला हेजपलीकडून एक बाई कुत्र्यासकट धावत आल्या. कुठलं तरी बिचारं जनावर सापळ्यात अडकलंय म्हणून त्या कासावीस झाल्या होत्या. त्यांची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. दुसऱ्या बोलावण्याला शेजारच्या कुरणातले गोऱ्हे आले. इकडच्या गोऱ्ह्यांना माणूस बसलेला किंवा पडलेला दिसला की चैन पडत नाही. तारेपाशी सगळे रांगेत उभे राहिले आणि पालथ्या फार्मरभाऊकडे एकटक बघायला लागले. काकूंनी तिसरं बोलावणं केलं तेव्हा त्यातला एक हंबरला. काकू उठल्या, स्टूल मिटलं, म्हणाल्या, "आज गोऱ्ह्यांचं हळदीकुंकू दिसतंय." हसल्या नाहीत.

रविवारी मशीन. जावयाने ते शेताच्या मध्ये नेऊन ठेवलं आणि आमच्याजवळ येऊन रिमोट दाबला. ससा किंचाळायला लागला तो थांबेचना. किंचाळतोय आपला, दम न घेता, आणि वर शेपटी गरगर. काकू मान हलवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं: या हं, नक्की या हं, मग येताय ना. समोरचं हेज हललंसुद्धा नाही. मला बरं वाटू लागलं. काकूंनी हळूच मिंटची गोळी तोंडात टाकली.

मग जावयाने दुसरं बटण दाबलं.

ससा थांबला. क्षणभर काही नाही. आणि शेताच्या मध्यातून, भोंग्यातून, काकूंनी हाताचा मुका घेतला.

ऑगस्टमधलं रेकॉर्डिंग. त्याने ते जसंच्या तसं ठेवलं होतं, काही कापलं नव्हतं. दोनतीन मुके, आणि मग ती लांब, काकूंचीच, थांबलेली शांतता. काकूंचा हात छातीशी गेला. शांतता चालली होती, चालली होती, आणि तिच्यातून एकदम काकूंचा दबका आवाज आला: "थर्मासचं झाकण लाव रे मेल्या, पँटवर सांडेल."

मी खरोखर थर्मासकडे पाहिलं.

आणि कोल्हा आला. हेजमधून निघाला, उघड्या शेतातून सरळ चालत आला, डब्यापाशी थांबून कान टवकारले. आम्ही कोणी श्वास घेत नव्हतो. फार्मरभाऊने रायफल खांद्याला लावली. पुन्हा मुके, पुन्हा शांतता. कोल्ह्याने फिरणारी शेपटी दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा तोंडात धरली, आणि शेपटी तारेला आणि तार डब्याला असल्यामुळे अख्खं मशीन घेऊन निघाला. डबा ढेकळांवरून उड्या मारत चालला होता आणि त्यातून काकू अजून मला ओरडत होत्या, झाकण लाव रे, सांडेल, लांब लांब जाणाऱ्या आवाजात, पार पलीकडच्या चरापर्यंत. फार्मरभाऊने रायफल बाजूला ठेवली होती. त्याचे खांदे हलत होते आणि त्याला श्वास घेता येत नव्हता.

मग वादावादी. फार्मरभाऊ डोळे पुसत म्हणाला, "इट वॉज काकूज व्हॉइस. काकू वन. फेअर अँड स्क्वेअर." जावई मान खाली घालून मशीन आणायला गेला. मी म्हटलं, बोलावणं काकूंचंच होतं, झाकणासकट.

काकू चष्मा पदराने पुसत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "बोलावणं माझं, हे खरं. पण बोलवायला मी लागले नाही. मी नुसती इथे बसून गोळी खात होते. हरले मी."

मला त्या जावयाचा, त्या डब्याचा आणि त्या मूर्ख कोल्ह्याचा इतका राग आला की मी थर्मास जमिनीवर आपटला. झाकण लावलेलं नव्हतं. सांडलाच.

तेव्हा मुलगी काकूंच्या समोर ओल्या मातीत खाली बसली, चांगली ऑफिसची पँट घालून. "आई," ती म्हणाली, "मशीन गेली खड्ड्यात. मी तुला नेहमी बोलते इकडे तुला काम नाही. ते नाही मला बोलायचा होता. मला तू पाहिजे. माझ्या घरी."

एवढं बोलून ती गप्प झाली. पुन्हा बोलली नाही. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. तारेपलीकडे गोऱ्हे पुन्हा जमले होते, त्यांच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती. किती वेळ गेला कोण जाणे.

"आत्ता कुठे नीट बोलावलंस," काकू म्हणाल्या आणि मुलीच्या खांद्यावर हात देऊन उठल्या.

त्या लीड्सला गेल्या. स्लाऊच्या घरात आता नागपूरचं एक जोडपं राहतं. चौथ्या पायरीबद्दल मी त्यांना सांगून ठेवलंय. मी हॅरोला राहतो. काकूंशी फोनवर बोलणं होतं. मुलीच्या बागेत सगळीकडे फरशी आहे आणि तिथले कोल्हे काकूंच्या मते मंद आहेत, पण त्या खूश आहेत. हे मी नुसतं म्हणायला म्हणत नाही. माणूस खूश असला की कुरकुर करताना आवाज खणखणीत लागतो.

फार्मरभाऊ मात्र मला अजून अधूनमधून बोलावतो. मशीन त्याच्याकडेच आहे, शेपटीशिवाय. त्यातला ससा तो कधी लावत नाही, फक्त काकूंना लावतो. जावयाने मध्ये त्याला सांगितलं की ती माणसाच्या बोलण्याची जागा कापून टाकतो. फार्मरभाऊने साफ नकार दिला. "दॅट बिट," तो म्हणाला, "इज द बिट दॅट वर्क्स." अर्थ त्याने कधी विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

पण यंदा कोल्ह्यांनी तेही ओळखलं. परवा सकाळी आम्ही दोघं त्याच हेजमागे बसलो होतो. मशीनमधल्या काकूंनी बोलावून पाहिलं, थांबून पाहिलं, मला झाकण लावायला सांगितलं; शेत रिकामं. मी न राहवून लीड्सला फोन लावला.

"रोज तेच ते बोलावणं कोण ऐकेल?" काकू म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "मला स्पीकरवर ठेव. आणि शेताकडे तोंड कर, माझं, तुझं नाही."

मी फोन उंच धरला. लीड्सच्या किचनमधून काकूंनी बोलावणं केलं. फार्मरभाऊने टोपी काढली. आम्ही थांबलो. हेज हललं नाही. हलले ते गोऱ्हे. कुरणाच्या पार टोकाला एकेकाने मान वर केली आणि सगळे आमच्याकडे यायला निघाले.

"काय रे?" काकूंनी विचारलं. "आला?"

"आला, काकू," मी म्हणालो.

"खोटं बोलतोस. गोऱ्हे आले असतील मेले. कोल्हा आला असता तर तू बोलला असतास होय?"

मी फार्मरभाऊला इंग्रजीत सांगितलं. तो आवाज न करता हसला. काकूंनी पुन्हा एकदा बोलावलं. या वेळी सशाचं पिल्लू, अगदी बारीक. मग थांबल्या. मीही थांबलो. कुकर शांत झाला होता. गोऱ्हे तारेपाशी येऊन उभे राहिले. बाकी शेत रिकामं.

"काय रे?" बऱ्याच वेळाने काकू हळूच म्हणाल्या.

मी बोललो नाही. फार्मरभाऊने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"आहेस ना तिथे?"

मी बोललो नाही. फोनमधून काकूंचा श्वास ऐकू आला, आत घेतलेला, आणि मग तोही थांबला. एक गोऱ्हा तारेतून मान काढून माझी बाही चाटत होता. मी हललो नाही.